कोरलचा क्रॅक, कॉपी केलेले फॉन्ट आणि ऑडिटची मेल

वाचकाचं पत्र:

आमचं तालुक्याच्या गावी डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता आम्ही दोघे भाऊ भागीदारीत चालवतो. पाच कॉम्प्युटर आहेत. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, हँडबिलं, फ्लेक्स, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामं असतात. कोरल ड्रॉ, फोटोशॉप, पेजमेकर, ऑफिस, मराठी फॉन्ट, सगळं एका ओळखीच्या मुलाने पेनड्राइव्हवरून टाकून दिलेलं आहे. फक्त कोरल १२ चा एक डबा वडिलांनी बिलाने घेतला होता. गेल्या आठवड्यात ‘आपल्या संस्थेतील सॉफ्टवेअर परवान्यांची पडताळणी’ अशा अर्थाची इंग्रजी मेल आली, सोबत ठरावीक तारखेपर्यंत भरून द्यायचा तक्ता. ऑपरेटर म्हणतो, दुर्लक्ष करा. धाकटा म्हणतो, सगळीकडे लिनक्स टाकून मोकळे होऊ. ऑनलाइन सातशे रुपयांत ऑफिसची ‘लाइफटाइम की’ मिळते, ती घेऊन टाकावी का? आणि कोरलमध्ये केलेल्या जुन्या शेकडो सीडीआर फाइलींचं काय करायचं?

उत्तर:

नमस्कार. आधी मेलचं बघू, कारण तिला तारीख आहे. बाकीच्या कामाला तुमच्याकडे काही महिने आहेत.

पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘@’ च्या पुढे काय आहे ते नीट वाचा. कंपनीचं अधिकृत डोमेन नसेल, साधा जीमेलचा पत्ता असेल, किंवा ‘हे स्कॅनर डाउनलोड करून चालवा’ असं लिहिलं असेल, तर मेलमधल्या कुठल्याही लिंकला हात लावू नका. कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून फोन करा आणि ही मेल तुमचीच का, एवढंच विचारा. खरी निघाली तर ती दोनपैकी एका जातीची असेल. कंपनीच्या परवाना विभागाचं विचारणापत्र ही एक, वकिलाची नोटीस ही दुसरी. विचारणापत्राला तक्ता भरून द्यायचं बंधन सहसा फक्त त्यांच्यावर असतं, ज्यांनी घेतलेल्या परवान्याच्या करारातच ऑडिटचं कलम असतं. घाऊक परवान्यांत ते हमखास असतं. तुमच्या बाबतीत तसा करार दिसत नाही. तरीही गप्प बसू नका. ‘आम्ही आमच्याकडच्या परवान्यांचा आढावा घेत आहोत, अमुक तारखेपर्यंत कळवतो’ असं दोन ओळींचं उत्तर पुरतं. त्या तक्त्यात खोटी माहिती मात्र चुकूनही भरू नका. सहीनिशी दिलेली खोटी माहिती हे उद्या तुमच्याविरुद्धचं सर्वात सोपं कागदपत्र ठरेल.

वकिलाची नोटीस असेल तर तुम्हीही वकील गाठा, आणि त्याला विचारल्याशिवाय रातोरात कॉम्प्युटर फॉरमॅट मारू नका. नोटीस आल्यानंतर पुरावा पुसला असं कोर्टापुढे दिसलं तर मूळ प्रकरणापेक्षा तेच अंगाशी येतं. अशा दाव्यांत कोर्ट लोकल कमिशनर नेमतं, तो न सांगता येऊन मशीनवर काय काय आहे त्याची यादी करतो. दिल्ली उच्च न्यायालयात हे नेहमी होतं. ‘आपल्याला कोण विचारतंय, आपण आडगावचे’ हा हिशेब आता चालत नाही. क्रॅक केलेला, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेला, प्रोग्रॅमही इंटरनेट मिळालं की कंपनीच्या सर्व्हरशी बोलायचा प्रयत्न करतो, आणि मशीनची ओळख, आयपी पत्ता, कधी कधी वापरकर्त्याचा ईमेलही तिकडे जातो.

कायदा थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब: प्रोग्रॅमची प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण तुमचा वापर धंद्यासाठीच आहे. कलम ६४ खाली फौजदार किंवा त्यावरचा अधिकारी बेकायदा प्रती वॉरंटशिवाय जप्त करू शकतो. कलम ६३ चा, म्हणजे कॉपीराइट भंगाचा, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. भागीदारी फर्म असल्यामुळे कलम ६९ नुसार कारभार बघणारे तुम्ही दोघेही जबाबदार धरले जाल. ‘ऑपरेटरने टाकलं, आम्हाला ठाऊक नव्हतं’ हे तुम्हाला सिद्ध करून दाखवावं लागेल, आणि तुमचं हे पत्र वाचल्यावर ते कठीण दिसतं.

आता ती सातशे रुपयांची की. घेऊ नका. अशा कीज बहुतेक वेळा कुठल्या तरी संस्थेच्या घाऊक परवान्यातल्या किंवा विद्यार्थी योजनेतल्या असतात. ऑफिस अ‍ॅक्टिव्हेट होतं, हिरवी खूण दिसते, आणि काही महिन्यांनी की बाद होते. बाद झाली नाही तरीही अ‍ॅक्टिव्हेट होणं म्हणजे परवाना असणं नव्हे. परवाना म्हणजे तुमच्या फर्मच्या नावाचं, जीएसटी क्रमांक असलेलं बिल आणि धंद्यासाठी वापरायची मुभा देणारी आवृत्ती. दुसरी अट लोक हमखास विसरतात. लॅपटॉपसोबत आलेलं ‘होम अँड स्टुडंट’ ऑफिस अस्सल असलं तरी दुकानातल्या बिलांसाठी चालत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या पर्सनल आणि फॅमिली या योजनाही घरगुती वापराच्याच. दुकानासाठी ‘होम अँड बिझनेस’ किंवा ३६५ ची बिझनेस योजना. तसंच ‘फोटोशॉप सीएस२ आता फुकट आहे’ ही वर्षानुवर्षं फिरणारी थाप. २०१३ मध्ये अडोबीने त्या आवृत्तीचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी ती विकत घेतली होती त्यांच्या सोयीसाठी सीरियल क्रमांक वेबसाइटवर टाकले. विकत न घेतलेल्यांना त्याने कसलाही हक्क मिळाला नाही.

तुमच्या धाकट्या भावाचं चुकत नाहीये, फक्त त्याने सुरुवात उलट्या टोकाने धरली आहे. ‘कोरलच्या जागी काय’ असा प्रश्न विचारलात तर उत्तर मिळत नाही, कारण एकटा कुठलाही मोफत प्रोग्रॅम कोरलची सगळी कामं करत नाही. ‘या कामाला काय’ असं विचारा. आणि त्याही आधी फॉन्ट, कारण डीटीपीवाल्याचं घोडं अडतं ते तिथेच.

तुमच्या जुन्या फाइलींतलं मराठी हे खरं तर मराठी नाही. शिवाजी, कृतिदेव वगैरे जुन्या घाटणीच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट काढला की ‘शुभविवाह’ ऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. हे फॉन्टही कुणाच्या तरी मालकीचे असतात. फॉन्ट हेसुद्धा सॉफ्टवेअरच, आणि पेनड्राइव्हवरून आलेले फॉन्ट म्हणजे पेनड्राइव्हवरून आलेला प्रोग्रॅम. श्रीलिपीसारखा संच रीतसर विकत घेतला असेल तर त्याच्या अटींत खुशाल वापरा. नसेल तर नवीन प्रत्येक काम युनिकोडमध्ये सुरू करा, त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो. ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ खालचे भरपूर देखणे फॉन्ट आहेत: मजकुरासाठी मुक्ता, हिंद, नोटो सेरिफ देवनागरी, तिरो देवनागरी मराठी, मथळ्यांना खंड, तेको, बलू, लग्नपत्रिकेला आणि फ्लेक्सला यात्रा वन, मोदक. यात्रा वनचं वळण मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या पाट्यांवरून घेतलेलं आहे, फ्लेक्सवर फार छान उठतं. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हेही आहेत. या परवान्यात छपाई, विक्री, पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करणं (फाइलीतच बसवणं) सगळं चालतं. फक्त नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही. उलट ‘फ्री फॉन्ट’च्या साइटींवर जे मिळतं त्यातल्या अर्ध्यांसोबतच्या मजकूर फाइलीत ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. झिप उघडल्यावर ती फाइल आधी वाचा.

गूगल फॉन्ट्सवरून उतरवलेल्या झिपमध्ये कधी कधी एक व्हेरिएबल फॉन्ट (सगळी वजनं एकाच फाइलीत असलेला) आणि ‘स्टॅटिक’ नावाचा फोल्डर असतो. स्टॅटिकमधलेच फॉन्ट टाका. स्क्रायबसला (पानं जुळवायचा मोफत प्रोग्रॅम, पुढे येतोच) व्हेरिएबल फॉन्ट पेलत नाही, त्याचं एकच वजन दिसतं आणि ‘बोल्ड का येत नाही’ म्हणून तासभर जातो.

फॉन्ट किंवा प्रोग्रॅम पक्का करण्याआधी ही ओळ त्यात टाकून छापून बघा: दुसऱ्या, कऱ्हाड, वाङ्मय, उद्घाटन, शृंगार, लक्ष्मी, पत्र्यावर, ट्रॅक्टर, अ‍ॅड., कार्यक्रम, निमंत्रितांनी. यात अर्धा ‘ऱ’, रफार, पहिली वेलांटी, अर्धचंद्र आणि तिरपी जोडणी सगळं येऊन जातं. वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली किंवा हलन्त सुटे दिसले तर त्या प्रोग्रॅमला देवनागरीची जुळणी येत नाही, पुढे वेळ घालवू नका. अ‍ॅफिनिटी या डिझाइनच्या प्रोग्रॅमचंच बघा: तो बनवणारी कंपनी कॅनव्हाने २०२४ मध्ये घेतली, २०२५ च्या ऑक्टोबरपासून प्रोग्रॅम फुकट दिला, सीएमवायके (छपाईचे चार रंग) वगैरे सगळं आहे. पण दुसऱ्या आवृत्तीपर्यंत त्यात देवनागरी जोडाक्षरं फुटत असत. इंग्रजी कामाला उत्तम, मराठीसाठी आधी ही ओळ टाका. शिवाय ते फुकट असलं तरी मुक्त नाही. अटी उद्या बदलू शकतात.

ल आणि श या अक्षरांची मराठी वळणं हवी असतील तर आणखी एक गोष्ट. काही फॉन्टांत मूळ रूप हिंदी वळणाचं असतं आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ लावली की मराठी रूप येतं. लिबरऑफिसमध्ये (ऑफिसचा मोफत पर्याय) टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स, जनरल इथे जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची भाषा मराठी करा. इंकस्केप (आरेखनाचा मोफत प्रोग्रॅम) आणि स्क्रायबसमध्ये त्या फंदात न पडता मुळातच मराठी वळण असलेला फॉन्ट घ्या, तिरो देवनागरी मराठी हा त्यातला खात्रीचा.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा असतो, म्हणून नेमक्या त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. रूपांतरानंतर चुका ठरलेल्या ठिकाणी होतात: रफार एक अक्षर पुढेमागे, पहिली वेलांटी जोडाक्षराच्या मध्ये, ‘ऱ्या’चं ‘र्या’, आणि मजकुरात मधेच असलेले इंग्रजी शब्द, ईमेल, फोन नंबर यांचा पार चुथडा. म्हणून इंग्रजी भाग वगळून फक्त मराठी परिच्छेद निवडून कन्व्हर्ट करा. पतसंस्थेचा अहवाल असेल तर आकडे मूळ प्रतीशी एकदा माणसाने ताडून बघायलाच हवेत.

आता कामं. व्हिजिटिंग कार्ड, पत्रिका, लोगो, हँडबिल यांचं आरेखन इंकस्केपमध्ये होतं. कोरलवर हात बसलेला ऑपरेटर आठवडाभर कुरकुर करेल, मग नोडवर (रेषेच्या बिंदूंवर) काम करताना त्याला ते आवडायलाही लागेल. एकाच फाइलीत अनेक पानंही आता घेता येतात. इंकस्केपची खरी अडचण एकच, आणि ऑफसेटवाल्याला ती जीवघेणी आहे: त्याची पीडीएफ आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या, रंगात निघते. त्यातला काळा मजकूर पुढे सीएमवायकेत बदलला की तो शुद्ध काळा न राहता चारही रंगांचा होतो. आठ पॉइंटचा मराठी मजकूर चार प्लेटांवर गेला आणि रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं की शिरोरेषेला लाल-निळी झालर येते, गिऱ्हाईक पत्रिका परत करतं.

उपाय असा. इंकस्केपमध्ये फक्त चित्र, किनार, गणपती, नक्षी करा आणि एसव्हीजी किंवा पीडीएफ काढा. मजकूर सगळा स्क्रायबसमध्ये टाका. स्क्रायबस १.६ ही स्थिर आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली, देवनागरी नीट जुळवते. मजकुराचा रंग यादीतला ‘ब्लॅक’, म्हणजे ०, ०, ०, १०० असा असायला हवा. ‘रजिस्ट्रेशन’ नावाचा काळा चुकून निवडू नका, तो चारही प्लेटांवर पूर्ण जातो. डॉक्युमेंट सेटअपमध्ये ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर सोडलेली जादा छपाई) ३ मिलिमीटर. कलर मॅनेजमेंट चालू करून छपाईवाल्याने दिलेलं रंगांचं प्रोफाइल लावा. फाइल, एक्सपोर्ट, सेव्ह अ‍ॅज पीडीएफ इथे फॉन्ट एम्बेड करा, रंगांच्या टॅबमध्ये आउटपुट ‘प्रिंटर’साठी निवडा, आणि प्रीप्रेसमध्ये क्रॉप मार्क व ब्लीड यांवर खूण करा. स्क्रायबस पारदर्शकता सपाट करून देत नाही. सावली किंवा पारदर्शक थर असेल आणि तुम्ही पीडीएफ १.३ किंवा एक्स-१ए निवडलं तर फाइल तपासणारा प्रीफ्लाइट व्हेरिफायर अडवतो. मग ती सावली आधीच चित्रात मिसळून ३०० डीपीआयचा टिफ बनवून आणा, किंवा छपाईवाल्याला पीडीएफ १.४ चालते का विचारा. दोन रंगांची पत्रिका स्क्रीन प्रिंटिंगला जाणार असेल तर रंग ‘स्पॉट’ म्हणून बनवा, म्हणजे प्रत्येक रंगाची वेगळी पॉझिटिव्ह नीट निघते.

पेजमेकरला मात्र आता निरोपच द्या. त्याची शेवटची आवृत्ती ७, सन २००१ ची. अडोबीनेच २००४ मध्ये त्याचं काम थांबवलं. अहवाल, स्मरणिका, पुस्तिका सगळं स्क्रायबसमध्ये होतं. जुन्या पेजमेकर फाइली स्क्रायबस उघडायचा प्रयत्न करतं, चौकटी आणि मजकूर बराचसा येतो, मांडणी विस्कटते. दरवर्षीच्या अहवालासाठी नवा साचा एकदाच नव्याने बांधून घेणं कमी त्रासाचं.

फोटोच्या कामाला गिंप हा मोफत प्रोग्रॅम. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून परिणाम मूळ फोटोला धक्का न लावता देता येतात आणि सीएमवायकेमध्ये टिफ, जेपेग काढता येतात. पासपोर्ट फोटोंचा ४ बाय ६ इंचाचा कागद ३०० डीपीआयला १२०० बाय १८०० पिक्सेल. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ४१३ बाय ५३१ पिक्सेल. कागद आडवा धरून चार-चार अशा दोन ओळी, आठ फोटो बसतात. साचा एकदा करून ठेवा. गिऱ्हाइकाने फोटोशॉपची पीएसडी फाइल पाठवली तर गिंपमध्ये थर येतात पण लेयर स्टाइल नीट येतीलच असं नाही. अशा वेळी ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी बरं, फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. पूर्ण सीएमवायकेमध्येच चित्र रंगवायचं असेल तर क्रिता.

फ्लेक्स तसा सोपा, कारण बहुतेक फ्लेक्सवाले टिफ किंवा जेपेगच घेतात. १० बाय ८ फुटाचा फ्लेक्स ७२ डीपीआयला ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होतो, सीएमवायके टिफ उघडल्यावर मेमरीत साधारण २४० एमबी एकाच थराला. चार जीबी रॅमच्या मशीनवर दहा थर घेऊन बसलात तर गिंप मान टाकेल. मांडणी इंकस्केपमध्ये एक दशांश मापात करा आणि शेवटी एकदाच पूर्ण मापाला एक्सपोर्ट करा. त्यावरचे नेत्यांचे, देवांचे फोटो गूगलवरून उचललेले असतात हा वेगळा विषय, पण परवान्याचं म्हणून सांगून ठेवतो: प्रोग्रॅम मोफत झाला म्हणून चित्र मोफत होत नाही. कॅनव्हातली तयार चित्रं घेऊन गिऱ्हाइकाचा लोगोही करू नका. तीच चित्रं हजारो लोकांना मिळालेली असतात, त्यामुळे लोगोचा ट्रेडमार्क करताना तो अडकतो.

काउंटरवरच्या वर्ड-एक्सेलला लिबरऑफिस पुरतं. पत्रं, कोटेशन, बिलं, उधारीची वही, सगळं. मूळ फाइली ओडीएस, ओडीटी स्वरूपात ठेवा आणि बाहेर पाठवायची प्रत एक्सएलएसएक्स किंवा पीडीएफ काढा. एकच फाइल दोन्ही बाजूंनी सतत एक्सएलएसएक्समध्ये फिरवत राहिलं की हळूहळू मांडणी बिघडते. मराठी मजकुराचा फॉन्ट बदलत नाही अशी तक्रार ऑपरेटर करेल. लिबरऑफिस इंग्रजीचा आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा धरतं, त्यामुळे कॅरॅक्टरच्या चौकटीत ‘सीटीएल’ फॉन्टच्या रकान्यात बदल करावा लागतो. कॅलिब्री, कॅम्ब्रिया नसतील तर त्याच मापाचे कार्लितो आणि कॅलाडिया हे मोफत फॉन्ट ओळी हलू देत नाहीत.

अडकायची जागा म्हणजे मॅक्रो. जीएसटीआर-९ ची एक्सेलमधली ऑफलाइन युटिलिटी मायक्रोसॉफ्ट एक्सेलच मागते. ते काम सीए करत असतील तर प्रश्न मिटला. तुम्ही स्वतः करत असाल तर काउंटरच्या त्या एका मशीनवर अस्सल ऑफिस घ्या. एका मशीनचा खर्च आहे, पाचचा नाही.

हाच हिशेब कोरलचा. वडिलांचा कोरल १२ चा डबा ही तुमची मालमत्ता आहे. बिल, सीडी आणि सीरियल क्रमांक लॅमिनेट करून ठेवलंत तरी हसणार नाही. तो परवाना एका मशीनपुरता आजही चालतो. त्यात युनिकोड मराठी जमणार नाही, कोरलला गुंतागुंतीच्या लिप्या नीट जमू लागल्या त्या एक्स६ पासून, म्हणजे २०१२ नंतर. पण जुन्या फाइलींसाठी तेच हवं. जुन्या एका मशीनवर, इंटरनेट न जोडता, तो बसवा आणि ज्या फाइली पुन्हा छापायला येतात त्या उघडून मजकूर कर्व्हमध्ये (नुसत्या रेषाकृतीत) बदलून पीडीएफ काढून ठेवा. १२ नंतरच्या आवृत्तीत केलेल्या फाइली मात्र तो उघडणार नाही. त्या इंकस्केप किंवा लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून बघा: साधे आकार येतात, पॉवरक्लिप, लेन्स, पारदर्शकता आणि मजकुराची ओळ बिघडते. सगळ्या शेकडो फाइलींमागे लागू नका. गेल्या दोन वर्षांत ज्यांची पुन्हा ऑर्डर आली तेवढ्याच आधी.

आणि बाहेरचे डिझायनर रोज नव्या सीडीआर पाठवत असतील तर एका मशीनपुरतं आजचं कोरल रीतसर घ्या. मुक्त सॉफ्टवेअरचा कितीही पुरस्कार केला तरी हे सांगावंच लागतं: पाच क्रॅकच्या जागी एक विकतचं आणि चार मोफत, हा छपाईच्या धंद्यात टिकणारा मार्ग आहे. सगळं एका दिवसात फुकटचं करायला गेलेली दुकानं महिनाभरात परत पेनड्राइव्हकडे वळतात.

मोफत प्रोग्रॅमांच्या परवान्याची भीती बाळगू नका. लिबरऑफिस एमपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, गिंप, इंकस्केप, स्क्रायबस, क्रिता जीपीएल या दुसऱ्या मुक्त परवान्याखाली. धंद्यासाठी, कितीही मशीनवर, कायमचं वापरता येतात. जीपीएलच्या अटी प्रोग्रॅम बदलून दुसऱ्याला वाटणाऱ्यांना लागतात. तुम्ही त्यात केलेली पत्रिका तुमची किंवा गिऱ्हाइकाचीच. फक्त प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीतून नव्हे, त्यात नको ती शेपटं जोडलेली असतात. डब्ल्यूपीएससारखं फुकट दिसणारं ऑफिस या यादीत नाही. त्याच्या धंद्याच्या वापराच्या अटी वेगळ्या आहेत.

विंडोजचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तीही त्याच पेनड्राइव्हची असणार. मशीनवर कंपनीचा स्टिकर असेल तर तो परवाना त्याच मशीनचा, दुसरीकडे हलत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इथे धाकट्याच्या लिनक्सला जागा आहे, पण शेवटी. आधी चालू विंडोजवरच लिबरऑफिस, इंकस्केप, स्क्रायबस, गिंप वापरायला लावा. हेच प्रोग्रॅम लिनक्सवर जसेच्या तसे आहेत, त्यामुळे हात बसल्यावर खालची सिस्टिम बदलली तरी ऑपरेटरला फारसं कळत नाही. एकदम दोन्ही बदललं तर प्रत्येक अडचण लिनक्सच्या माथी मारली जाते. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून न बसवताच चालू करून बघता येतं: प्रिंटर, स्कॅनर, नेटवर्कवरची बाकीची मशीनं त्यात दिसतात का, ते एका दुपारी कळतं. प्रिंटरचा ड्रायव्हर नसेल तर ते मशीन विंडोजवरच राहू द्या आणि तिला अस्सल परवाना घ्या. टायपिंगचंही आधीच बघा. इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे तयार मिळतो आणि विंडोज १० व ११ मध्ये मराठी फोनेटिकही आहे, पण रेमिंग्टन या टाइपरायटरच्या कळफलकावर वाढलेल्या ऑपरेटरला त्याच्या मांडणीचं साधन लावून दिल्याशिवाय युनिकोड गळी उतरणार नाही.

हा बदल लग्नसराईत करू नका. आषाढी ते तुळशीच्या लग्नापर्यंत पत्रिकांचं काम मंदावतं, तेवढा काळ पुरेसा आहे. क्रॅक काढायला मात्र चातुर्मासाची वाट बघू नका. वकिलाची नोटीस नसेल तर काउंटरच्या मशीनपासून याच आठवड्यात सुरुवात करा, ते सर्वात सोपं. काढताना मशीन पूर्ण नव्याने बसवा, कारण क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद केलेला असतो, आणि त्याच मशीनवर लोक आधार-पॅनच्या स्कॅन फाइली ठेवून जातात. प्रत्येक मशीनसाठी वहीचं एक पान: सिस्टिम, प्रोग्रॅम, आवृत्ती, परवाना कुठला, बिल क्रमांक, फॉन्टांची यादी. कंपनीला पुढचं उत्तर देताना याच वहीवरून द्या, पाठवण्याआधी वकिलाच्या नजरेखालून घाला.

स्टिकर कापायचा प्लॉटर असेल तर त्याचं मॉडेल कळवा. बरेचसे प्लॉटर एचपीजीएल भाषा समजतात आणि इंकस्केपच्या एक्स्टेन्शन्समधल्या एक्स्पोर्ट, प्लॉट या मार्गाने थेट चालतात. काही स्वस्त मशीनं मात्र फक्त त्यांच्या सोबत आलेल्या कोरलच्या प्लगइनवरच हलतात. तशी निघाली तर ते विकतचं कोरल त्याच मशीनवर बसवा.